चंडोल मोडली तर इथे आणा

धाकटीच्या डोक्यावर औषधालाही काळा केस उरला नव्हता, तरी सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणायची. थोरला भाऊ डोळ्यांसमोर असेपर्यंत तिला थोरलं व्हायची मुभा नव्हती. दादाची बायको लवकर गेली, मूलबाळ झालं नव्हतं. धाकटी तर लग्नाच्या भानगडीत पडलीच नाही. घरात माणसं दोनच, आणि पुढच्या खोलीत कारखाना. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. एक लांबट खोली, गॅसची बत्ती, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या कानशी आणि छताला एक लोखंडी आकडा, एवढाच त्याचा पसारा. दारावर पाटी होती, ती धाकटीनंच तरुणपणी रंगवली होती: चंडोल मोडली तर इथे आणा.

चंडोल म्हणजे दादाची सायकल. दादाच्या हातची, म्हणायचं. तिच्या नळ्या तो पितळ वितळवून सांधायचा, आणि ते पितळ सांध्याच्या बाहेर दिसायला नको, आत सगळीकडे पोचायला हवं, हा त्याचा हट्ट. बाहेरून चकाचक आणि आतून पोकळ अशा सांध्याचा त्याला मनापासून राग होता. तसल्या माणसांचाही होता. चंडोल एका हातानं उचलली जायची आणि दोन पिढ्या चालायची. घरोघरी वाटण्या झाल्या की घराबद्दल भाऊ समजुतीनं घेत, आणि बापाच्या चंडोलवरून एकमेकांचं तोंड बघणं सोडत.

पण चंडोल ही चंडोल व्हायची ती आकड्याला टांगल्यावर. सांधा गार झाला की दादा ती फ्रेम किंवा तो चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी पाय, तारेनं छताच्या आकड्याला अडकवायचा. मग लाकडी मोगरीनं एक टोला द्यायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. त्या वेळी खोलीत कुणी शिंकायचंसुद्धा नाही. पितळ आतपर्यंत भरलेलं असलं तर आवाज टण्ण यायचा आणि लांबत जायचा. कुठं पोकळी राहिली असली तर बद्द यायचा, तडा गेलेल्या मडक्यासारखा. बद्द वाजलं की दादा एक शब्द न बोलता करवत घ्यायचा आणि त्या फ्रेमचे दोन तुकडे करायचा, म्हणजे पुढेमागे कुणाला मोह नको. टण्ण वाजलं की बोलायचा, तोही एकच शब्द.

"लिही."

मग धाकटी ब्रश भिजवायची आणि नळीवर नाव लिहायची. शेवटच्या अक्षराची शेपटी ती पाखराच्या शेपटीसारखी वर उचलायची. ती शेपटी जमायला तिला कित्येक वर्षं लागली होती, आणि जमल्यावर मात्र ती डोळे झाकून काढायची. दादानं लिही म्हटल्याशिवाय तिनं उभ्या जन्मात ब्रश टेकवला नव्हता. ऐकणं हे दादाचं काम, लिहिणं तिचं. एकानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, असा त्या घरचा कायदा होता.

मग दादानं चंडोल विकली. छातीत पितळेचा धूर बसलाय, डॉक्टर नको म्हणतो, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मोठ्या कंपनीचा माणूस आला, त्यानं कारखाना बघितला आणि काहीच मागितलं नाही. ना कानशी, ना साचे, ना दादाची अक्कल. त्याला फक्त नाव हवं होतं. आणि हो, धाकटीच्या हातची ती शेपटीसुद्धा. तिच्याकडून एका कागदावर नाव लिहून घेतलं आणि तो निघून गेला. धाकटीला तेव्हा मेलीला बरंच वाटलं होतं.

वर्षा-दोन वर्षांत नव्या चंडोल बाजारात आल्या. खोक्यांतून आल्या, रंगीत कागदांत गुंडाळून आल्या, जिकडे तिकडे दिसायला लागल्या. दादा एकदा दुकानाच्या काचेपाशी उभा राहिला तो हलेना. मग आत गेला, चिमट्याच्या वरच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला काय कळलं कोण जाणे, तसाच घरी आला. सायकल जात्यासारखी जड होती. सांध्यात पितळ नव्हतंच, नुसता वरून चिकटवल्यासारखा जोड, त्याच्यावर रंगाचा जाड थर. आणि त्या थरावर धाकटीची शेपटी, हजार ठिकाणी छापलेली, एकीत आणि दुसरीत केसाचाही फरक नाही. त्या दिवशी दादा जेवला नाही. धाकटीची मात्र जीभ सुटली.

"नाव विकायला कुणी सांगितलं होतं? आता बस बघत."

"नाव विकलं," दादा म्हणाला. "पाटी विकली नव्हती."

तिला वाटलं, रागाच्या भरात बोलतोय. पण दादा गंमत करत नव्हता. नव्या चंडोल मोडायला फार काळ लागला नाही. चिमट्याच्या वरच्या सांध्यालाच तडा जायचा. लोक दुकानात जायचे, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवायचा, कंपनी फोन उचलायची नाही. मग एक माणूस आपली मोडकी चंडोल ढकलत गल्लीतून चालला होता, त्यानं पाटी वाचली आणि आत आला.

"ही आमची नाही हो," धाकटी म्हणाली.

माणसानं नळीवरचं नाव बघितलं, मग पाटीवरचं बघितलं. दोन्हीकडे शेपटी तीच.

"आण आत," दादा मागून म्हणाला.

त्या दिवशी कित्येक वर्षांनी बत्ती पेटली. एक पैसा न घेता दादानं तो चिमटा सांधला, आणि मग कानस घेऊन नळीवरचं छापील नाव खरवडून काढलं. "आपल्या हातून जातेय, तर नावही आपल्या हातचं पाहिजे," म्हणाला. धाकटीला हे खुळ्यासारखं वाटलं. पण दादाच्या गालांवर रंग आला होता. नाव विकल्यापासून तो खिडकीशी बसून गल्लीतल्या मांजरांची ये-जा बघत होता, त्यापेक्षा हे खूळ परवडलं.

भीती तिला वेगळीच होती. दादाचा कान गेला होता.

हे तिला एकदम कळलं नाही. चहाचं आधण उतू जाऊन चुलीवर फसफसायचं आणि दादा शेजारी बसून पेपर वाचायचा. मागून हाक मारली तर वळायचा नाही, समोरून मारली तर लगेच ओ द्यायचा. पलीकडचा शिंपी दारात येऊन गप्पा मारायचा तेव्हा दादा त्याच्या ओठांकडे डोळे लावून बसायचा, आणि शिंप्यानं तोंडात टाचण्या धरल्या की दादाची उत्तरं भलतीकडे जायची. जन्मभर लोखंडावर लोखंड घासल्यावर कानांनी तरी किती सोसायचं? धाकटीनं हे कुणाला सांगितलं नाही, आणि दादाला तर नाहीच नाही. त्याला वाटतंय ना ऐकू येतं, वाटू दे. ती आपली त्याच्यासमोर जाऊन बोलायला लागली, ओठ नीट हलवून. ज्या दिवशी त्याला कळेल की आपला कान गेला, त्या दिवशी तो बत्ती विझवेल, परत खिडकीशी जाऊन बसेल, आणि तिथून तो उठायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. दादाला कळू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिनं डोळ्यांत तेल घालून जपली.

त्या पहिल्या चिमट्याच्या वेळचीच गोष्ट. दादानं तो आकड्याला टांगला, मोगरी मारली, मान तिरकी केली. आवाज बद्द आला. धाकटी समोर ब्रश घेऊन उभी होती, तिची भुवई हलली. हलली म्हणजे काय, जरा आक्रसली. दादानं मोगरी खाली ठेवली, चिमटा उतरवला आणि तो सगळा सांधा पुन्हा तापवायला घेतला. दुपारभर तो त्या धुरात उभा होता. मग खोकल्याची अशी उबळ आली की धाकटीला शिंप्याला बोलवावं लागलं, दोघांनी धरून त्याला आडवं केलं. रुमालाला रक्ताचा ठिपका लागला होता.

धाकटीनं त्यातून काय धडा घ्यावा? तिला वाटलं, दादानं आपल्या तोंडावर अविश्वास वाचला. त्याला लागलं ते. आपल्या बहिणीलासुद्धा आपल्या कानाची खात्री नाही, हे बघून तो जिद्दीला पेटला आणि जीव जाईस्तोवर राबला. त्या दिवसापासून तिनं चेहरा आवरायला शिकून घेतलं. आकड्याला काही टांगलं की ती सारवलेल्या भिंतीसारखी उभी राहायची. मोगरी पडायची, दादा मान तिरकी करायचा, तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, लिही. आवाज टण्णही नसायचा आणि अगदी बद्दही नसायचा, मधलंच काहीतरी. हे नवं लोखंडच असलं वाजत असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. आणि दादानं सांधलेले चिमटे चालतही होते, निदान परत कुणी आलं नव्हतं.

नर्सबाई आली ती याच दिवसांत. गल्लीत सगळे तिला ओळखायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी जाऊन इंजेक्शन देणं, जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे तिचं काम, आणि ते ती सायकलवरून करायची. दादाची छातीही तीच तपासायची. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं, दारात शिरायच्या आधी तिचा आवाज आत शिरायचा.

"दादा, तुमची लेक मोडली बघा," ती सायकल भिंतीला टेकवत म्हणाली. नवीकोरी निळी चंडोल होती. चिमट्याच्या वरच्या सांध्यावर केसासारखी रेघ गेली होती.

"ही माझी लेक नाही," दादा म्हणाला. तो तिचे ओठ बघत होता. नर्सबाईचं बोलणं त्याला नेहमी कळायचं, ती तोंडभर बोलायची म्हणून. "तुझ्या आईची होती ती माझी. ती कुठाय?"

"ती भावानं नेली. मी म्हटलं, ने बाबा, सायकलवरून कुठं भांडायचं. मी दुकानात जाऊन ही घेतली. दुसऱ्या शंभर होत्या तिथं, पण मला नाव दिसलं आणि मी बघितलंच नाही काही." ती हसली. "आईला कधी पाडलं नाही तुमच्या चंडोलनं."

धाकटीला वाटलं, आत्ता हिला सांगावं, बाई, नाव तेवढं आमचं आहे, दुसरी घे. पण नर्सबाई स्टुलावर बसलीसुद्धा. पलीकडच्या वस्तीत एक म्हातारी वाट बघतेय, तेवढं दुपारपर्यंत करून द्या, म्हणाली.

दादानं करून दिलं. खोकत खोकत दिलं. सांधा गार झाल्यावर त्यानं चिमटा टांगला. नर्सबाई कौतुकानं बघत होती, आईनं तिला या आकड्याची गोष्ट सांगितली होती. दादानं मोगरी मारली.

बद्द.

मधलं काहीतरी नव्हे. सरळ सरळ बद्द, कुणालाही कळावा असा. नर्सबाईला कळला नाही, कारण तिला कसा आवाज यायला हवा ते ठाऊक नव्हतं. धाकटीला कळला. दादानं मान तिरकी केली आणि तिच्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं, असं तिला पुढे अनेकदा वाटत राहिलं. त्याचा चेहरा धुरानं काळवंडला होता, श्वास वरवर चालला होता. नर्सबाईच्या समोर आता तोंड उघडायचं? दादा, तुला ऐकू येत नाही, हे तिऱ्हाईतासमोर त्याच्या तोंडावर मारायचं? पुन्हा धूर, पुन्हा तो रुमाल? सगळेच असे वाजतात मेले, ती स्वतःला म्हणाली, आणि चेहऱ्यावरची एक रेघ तिनं हलू दिली नाही.

"लिही," दादा म्हणाला.

तिनं लिहिलं. शेपटी इतकी सुरेख आली की नर्सबाईनं टाळी वाजवली. रंग ओला आहे, बोट लावू नका, असं धाकटीनं तिला बजावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नर्सबाई पुलाकडच्या उतारावरून येत होती. भर दुपार होती, रस्ता मोकळा होता, कुणी आडवं आलं नाही. चिमटा सांध्यातून सुटला, पुढचं चाक एकटंच पुढे गेलं, आणि नर्सबाई तोंडावर आपटली. हातगाडीवाल्यानं तिला गाडीवर घातलं. ज्या हॉस्पिटलात ती नोकरीला होती, तिथल्या फाटकाशी पोचेपर्यंत ती गेली होती. रस्त्यावर पट्ट्यांची भेंडोळी उलगडून पडली होती, ती शिंप्यानं गोळा केली. हे त्यानंच येऊन सांगितलं. धाकटीनं ऐकलं आणि ती जमिनीवर बसली. दादानं शिंप्याच्या ओठांवरून वाचलं, आणि तो उभाच राहिला.

कंपनी एरवी फोन उचलायची नाही. या खेपेला कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी हजर झाला, गळ्यात टाय, हातात बॅग. पोलिस ठाण्याच्या मागच्या अंगणात मोडकी सायकल ठेवली होती, ती त्यानं वाकून बघितली. वाकताना त्याचा चेहरा पडलेला होता. नळीवरचं नाव त्यानं बघितलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. शिंप्यानं हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन शिव्या दिल्या.

"ही आमची नाहीच," तो माणूस ठाण्याच्या साहेबांना म्हणाला. "आमचं नाव छापील असतं. हे कुणीतरी हातानं लिहिलंय."

ज्या अक्षरावर त्यांनी हजारो सायकली खपवल्या, ते अक्षर आता हातचं आहे म्हणून कंपनीनं हात झटकले. कायद्यानं बोलायचं तर माणूस खोटं बोलत नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं.

दादाला आणि धाकटीला ठाण्यात बोलावणं आलं. दादानं कोट घातला. खोलीत एक टेबल होतं, पलीकडे साहेब. त्यांची मिशी अशी झुपकेदार की ओठ दिसत नव्हते. बाजूच्या बाकावर नर्सबाईचा नवरा बसला होता. तो बस चालवायचा. अंगावर कामावरचाच गणवेश होता आणि टोपी तो दोन्ही हातांनी पिळत होता. कंपनीचा माणूस खिडकीशी उभा होता.

"सायकल दुरुस्त कुणी केली आणि तपासून कुणी दिली?" साहेबांनी विचारलं.

दादा मिशीकडे बघत राहिला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. धाकटीनं वाटेतच सगळं ठरवलं होतं. तिनं दादाकडे पाठ केली, गालावर हात ठेवला, म्हणजे बाजूनंही ओठ दिसायला नकोत, आणि म्हणाली,

"दादानं काम अर्धंच केलं होतं, साहेब. तपासलं नव्हतं. बाईंना घाई होती. मीच परस्पर नाव घातलं आणि देऊन टाकली."

"यांना न विचारता?"

"न विचारता. ते लिही म्हणाले नव्हते."

जन्मात पहिल्यांदा तिनं हे वाक्य उच्चारलं. साहेबांनी दादाकडे बघून विचारलं, "खरं आहे का हे?" दादानं मिशी बघितली, मग धाकटीकडे बघितलं. तिनं मान डोलावली. मग दादानंही मान डोलावली.

नर्सबाईच्या नवऱ्यानं टोपी पिळणं थांबवलं. तो धाकटीला म्हणाला, "ती तुमच्याकडे यायची तेव्हा घरी येऊन तुमच्याबद्दल सांगायची. दोघं कसे एकमेकांना जपतात म्हणून." आणि तो पुन्हा टोपी पिळायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या.

साहेबांनी उद्या सकाळी पुन्हा यायला सांगितलं. घरचे कपडे वगैरे बरोबर आणा, असंही म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी दुसरीकडे बघितलं.

दोघं चालत घरी आले. दादानं कोट काढून खुंटीला लावला आणि तो आकड्याखालच्या स्टुलावर बसला. नर्सबाई बसली होती त्याच.

"काय सांगितलंस तिथं?"

"झालं ते सांगितलं," ती समोर येऊन म्हणाली, ओठ नीट हलवून.

"मग तोंड का फिरवलंस?"

दादानं भिंतीवरची मोगरी काढली, मांडीवर ठेवली.

"मला ऐकू येत नाही, धाकटे."

एवढी वर्षं जे जपलं ते असं त्यानंच जमिनीवर ठेवलं.

"कधीपासून?"

"नाव विकलं त्याच्या आधीपासून. म्हणून तर विकलं. छातीचं मी लोकांना सांगितलं. मोगरी मारायची आणि काहीच ऐकू यायचं नाही, आणि लिही म्हणायचं? कशाच्या जोरावर?" त्याचा आवाज चढला होता. बहिऱ्या माणसांचा चढतो तसा. "एकही चंडोल मी आंधळेपणानं दिली नाही. विकून टाकलं, मोकळा झालो."

"मग हे चिमटे, दादा? हे कशाच्या जोरावर केलेस?"

"तू होतीस की समोर." त्यानं वर बघितलं. "पहिला चिमटा टांगला तेव्हा मी उगीच सवयीनं मोगरी मारली. तुझी भुवई हलली. मी म्हटलं, अरे, हिला तर ऐकू येतंय! माझ्याशेजारी जन्म काढलाय, कान तयार झालाय हिचा. मी परत तापवला तो. त्यानंतर मी तुझ्या तोंडाकडे बघूनच लिही म्हणत आलोय. तुला सांगितलं नाही. म्हटलं, सांगितलं तर घाबरशील, आणि चुकशील."

बाहेर गल्लीत शिंप्याचं मशीन चालू होतं. धाकटीला ते ऐकू येत होतं, दादाला नाही. त्यानं लिही म्हटलं म्हणून ती लिहीत होती. आणि तिच्या चेहऱ्यावर काही नाही म्हणून तो लिही म्हणत होता. त्या पहिल्या चिमट्यानंतर आकड्याखाली कुणीच ऐकत नव्हतं.

"नर्सबाईच्या वेळी मी नीट बघितलं," दादा म्हणाला. "पोर ओळखीची, म्हणून दोनदा बघितलं. तुझ्या तोंडावर काही नव्हतं. म्हणून मी म्हणालो. म्हणजे सांधा भरला होता. म्हणजे ते लोखंडच नासकं आहे त्यांचं, आणि हे मी उद्या त्या मिशीवाल्याला सांगणार आहे." तो पुढे झुकला. "वाजला होता ना तो, धाकटे?"

होय म्हणणं सोपं होतं. होय म्हटलं असतं तर म्हाताऱ्यानं उरलेले दिवस त्या कंपनीशी भांडत काढले असते, ताठ मानेनं. आणि तिला तरी दुसरं काय हवं होतं इतके दिवस? तिनं तोंड उघडलं. पण दादा तिच्या ओठांकडे बघत नव्हता. तो तिच्या भुवईकडे बघत होता. सारवलेली भिंत तिला या वेळी जमली नाही. तिचा चेहरा तिच्या हातातून सुटला, भुवई, ओठ, हनुवटी सगळंच, आणि दादानं ते पुरतं बघून घेतलं.

त्यानं मान हलवली. करवत लावायच्या आधी तो त्या फ्रेमकडे बघून हलवायचा, तशी. मग स्टूल उचलून दाराबाहेर नेलं, पाटीखाली ठेवलं, आणि आत वळून म्हणाला,

"पूस."

रंग जुना होता, पक्का होता, नुसत्या चिंधीनं निघणारा नव्हता. धाकटी काळ्या रंगाचा डबा घेऊन स्टुलावर चढली आणि एकेका अक्षरावरून ब्रश फिरवायला लागली. आता रेघ वाकडी गेली तरी चालणार होतं. पलीकडे शिंप्यानं मशीन थांबवलं. दादानं खुंटीवरचा कोट पुन्हा अंगात घातला, गुंड्या लावल्या.

"उरक," तो म्हणाला. "उद्यापर्यंत थांबायचं नाही. साहेब अजून बसले असतील, आणि तो बसवालाही असेल. तू काय ऐकलंस ते सांग. मी काय ऐकलं नाही ते मी सांगतो."

आणि तो स्टूल धरून खाली उभा राहिला, ती पडू नये म्हणून.